बिघाडाच्या पानांची मंजुरी

नाही, पण मला सांगा, ‘पान सापडलं नाही’ एवढे तीन शब्द लिहायला माणसं लागतात किती? आमच्या ऑफिसात अख्खा मजला लागला! साधं पान हो, साधं! वेबसाइटवर चुकीचा पत्ता टाकलात की समोर येतं ना, ते. पान सापडलं नाही, सर्व्हर बंद आहे, असली सगळी पानं मी पायथन या संगणकाच्या भाषेत बसवली. एक साचा, त्यात मजकूर ओतायचा, कोड चालवला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पानं तयार! साहेब म्हणाले होते, “पानं मंजूर झाली की तुमची रजा सुरू.” घरी बायको बॅगा भरून बसलेली, लेकीला पहिल्यांदा समुद्र दाखवायचा, संध्याकाळची गाडी... म्हटलं, जेवून निघतो. कसला निघतो!

साहेब म्हणतात, “आपलं चुकलं हे आपणच कशाला सांगायचं?” बरं, ‘आमचं चुकलं’ काढलं. कायदेवाले काका चष्मा कपाळावर चढवून, “‘क्षमस्व’ नको हं. क्षमा मागितली की गुन्हा कबूल!” तेही काढलं. जाहिरातवाल्या ताई, “अय्या, किती रुक्ष! एखाद्या मांजराचं चित्र टाका ना!” टाकलं मांजर! लगेच काका, “मांजर कुणाच्या मालकीचं?” अहो, साधं पान हो!

शेवटी साहेब म्हणाले, “आता साइटवर दाखवा.”

“साहेब, बिघाड झाला की आपोआप दिसेल.”

“कधी होणार?”

“होत नाही हो सहसा.”

“मग करा ना! न बघता मंजुरी देऊ?”

तुम्हाला सांगतो, धडधाकट साइट मी स्वतःच्या हातानं बंद पाडली! सगळे पडद्याभोवती गोळा, मांजर बघून ताई टाळ्या वाजवतायत, आणि तिकडे फोनवर फोन, गिऱ्हाइकं खवळलेली, तर साहेब माझ्याकडेच वळून विचारतात, “साइट बंद कुणी पाडली?” आता काय डोकं आपटू? वर, “सगळं सुरळीत झाल्याशिवाय हलायचं नाही!” एका साध्या पानापायी हो!

साइट पुन्हा चालू करेपर्यंत संध्याकाळ झाली, तेव्हा बायकोला फोन लावला. ती गाडीत बसलेली! “अहो, तुमचं तिकीट फुकट जायला नको, म्हणून आईला घेतलंय.” मागून सासूबाई, “जावईबापूंना म्हणावं, खिडकी मिळाली!” मग लेक, “बाबा, एका पानाला एवढा वेळ?”

फोन ठेवतोय तोच साहेबांचा हात खांद्यावर, “मंजूर! जा, मजा करा!”

तर आता साइट चालू आहे, मांजर मंजूर आहे, रजा मंजूर आहे... आणि समुद्रावर सासूबाई आहेत.