कालची आठ, आजची बत्तीस

अरे, आमच्या पुण्याच्या साहेबांचं ऐकलंत काय? मागच्या आठवड्यात मिरजोळ्याच्या कंपनीत सकाळीच मी सर्व्हरची रॅम आठ जीबीची बत्तीस केली. पुण्यात बसून सर्व्हरची सेटिंग चालवणारे साहेब फोनवर तापले, "स्क्रीनवर आठच दिसतेय! तू रॅम बसवलीच नाहीस. मालकांना कळवतो."

म्हटलं, "साहेब, तुमचा प्रोग्राम काल साठवलेली माहिती वाचतोय. माझी आई हर्णैच्या लिलावात कालच्या माशावरून आज बोली लावत नाही, ताजा आहे का ते कल्ले उघडून बघते. तुम्ही पण जुनी माहिती पुसा नि सर्व्हरला आत्ता विचारा."

फोनवर कीबोर्ड वाजला. मग हळूच आवाज आला, "बत्तीस."

आता सेटिंग चालवण्याआधी साहेबच अख्ख्या ऑफिसला दरडावतात, "कल्ले उघडून बघितलेत का?"