चारच्या आत जहाजावर

मी मूळची लाखनीच्या बाजूची जी, लगन होऊन साकोलीजवळच्या गावात आली. माहेर बी ढिवराचं अन् सासर बी ढिवराचं, मंजे तलाव हेच आमचं वावर समजा. माहा बाप जाळ टाकाले गेला का माय दारात बसून राहे, तो तलावाच्या पारीवर दिसेपर्यंत तिच्या तोंडात पानी नाही जाय, अन् मी तिच्या बाजूले बसलेली, तं हे जे भेव आहे ना माह्या जीवात हे मले मायच्या दुधातूनच भेटलं. बस पाच मिन्टं लेट झाली तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहतो. आमचा बुढा म्हनते इले सुख चावते. बुढा मंजे माहा नवरा, संपत नाव त्याचं, तो माह्या उलटा, त्याले कायचीच घाई नाही, पानी पाहलं का तो बसला. तो मासोळी धरते, मी साकोलीच्या बाजारात विकतो, तीस-बत्तीस वर्सं झाले असन याले.

एकच पोरगा आमाले, रोशन. बारावी झाली, मंग नागपूरले हॉटेलचं शिकला अन् जहाजाच्या सैपाकखोलीत लागला. माल वाहते ते जहाज नोहे जी, लोकं फिराले जाते ते, मंजे पान्यावरचं हॉटेलच, लिफ्ट काय, नाच-गाने काय. तं त्यायच्या कंपनीत असं आहे का नोकरीवाल्याच्या मायबापाले एकदा फिरवून आनते, तो पास रोशननं काढला. मुंबईवरून निंगाचं, एक दिवस गोव्याले थांबाचं, अन् परत मुंबई. मी म्हनलं मी नाही येत, तलावात डोंगा हालला तं माहा जीव जाते, अन् तिथं तं काठच दिसत नाही म्हनते. बुढा म्हने चाल वो, एकदा समुद्राचं पानी पाहू. त्याले तेच पाहाचं होतं, पोराचं जहाज-गिहाज नाही, पानी.

काय सांगू तुमाले, जहाजावर मी दर घंट्यानं खिडकीतून पाहो का आपन बुडून तं नाही राहिलो. कार्ड देल्लं होतं आमाले, गळ्यात लटकवाचं, त्यानंच खोलीचं दार खुले, त्यानंच जहाजातून उतरा, त्यानंच चढा. ते कार्ड मी पदराखाली मुठीत धरून राहो. बुढा म्हने अवो ते कार्ड आहे, कोंबडीचं पिल्लू नोहे, मरत नाही.

गोवा आला त्या दिवशी सकाळी रोशन ड्युटीवर जाच्या आंधी आमच्या खोलीत आला. जहाजवाल्यायची बस होती फिरवाले, पन तिच्यात सारं इंग्रजीत सांगते, आमाले काय समजते, म्हनून त्यानं वेगळी गाडी सांगतली होती, फक्त आमा दोघायसाठी. गाडी चालवनारा अन् दाखवनारा एकच मानूस, उल्हास, तिथलाच, मराठी बोलनारा. रोशन माह्यासमोर उखडूक बसला अन् म्हने, आई, चार म्हंजे चार, चारच्या आत जहाजावर. कंपनीच्या बसले उशीर झाला तं जहाज थांबते, आपल्या गाडीसाठी थांबत नाही. पासवर माही सही आहे, तुमी चुकले तं पुसनं मले होते. असं त्यानं तीनदा सांगतलं. त्यानं एकदा सांगतलं असतं तरी माह्यासाठी लय होतं जी, तीनदा सांगतलं तं माही भूकच मेली.

उल्हास मानूस चांगला होता. एक मोठं चर्च दाखवलं, हे कवाचं, ते कोनी बांधलं, सारं सांगे, अन् मी त्याले पुसो, भाऊ किती वाजले. मंग एक देऊळ दाखवलं, त्याच्यासमोर दीपमाळ, तळं, सारं झकास, मी हात जोडले अन् पुसलं, भाऊ किती वाजले. तो हासे, म्हने मावशी, मी रोजचा मानूस आहे, आजपर्यंत माहा एक पावना राहिला नाही. बुढा गाडीत मांगं बसून पाय पसरून झोपे. जेवाले मासोळी देल्ली, बुढ्यानं एक घास खाल्ला अन् म्हने, आपल्या मरळीची सर नाही.

जेवन झालं तं दोन बी नव्हते वाजले. मी म्हनलं चाला आता जहाजावर. उल्हास म्हने मावशी, बंदर इथून पाऊन घंट्यावर आहे, रस्त्यात एक किनारा दाखवतो, अर्धा घंटा बसा, मंग चालू. मी नाहीच म्हनत होती. पन बुढा तवाच जागा झाला ना.

अन् किनाऱ्यावर नेमकी रापन लागली होती. रापन मंजे समुद्रातलं मोठं जाळ, डोंग्यानं लांब नेऊन सोडते अन् त्याचे दोन्ही दोर काठावरून वीस-वीस मानसं ओढते. आमच्या तलावात बी आमी मोठं जाळ असंच ओढतो, हे त्याच्यापेक्षा दहापट. बुढ्यानं ते पाहलं अन् गेला. त्यायनं बलावलं बी नाही, यानं पुसलं बी नाही, चपला काढल्या, सदरा काढला, त्याच्यावर पिशवी ठेवली, अन् जाऊन दोर धरला. पिशवीत काय होतं म्हनता, दोघायचे कार्ड, आधार कार्ड, सारंच. माहं कार्ड बी त्यानंच घेतलं होतं, म्हने तू मुठीत धरून धरून त्याचा घाम काढशीन.

आता माही चूक सांगतो. मी पिशवीजवळ बसाले पाह्यजे होतं. पन वरच्या बाजूले बाया बसल्या होत्या टोपले घेऊन, मासोळी निवडाले, अन् मी बी मासोळीवाली. त्या कशी विकते, बर्फ किती टाकते, दुपारपर्यंत उरली तं काय करते, इतकं पुसलं मी, त्यायची बोली मले अर्धी समजे, माही त्यायले पाव समजे, तरी बोलून राहिलो होतो. दिवसभरात पहिल्यांदा मले टाइम पुसाची याद नाही राहिली. उल्हास गाडीजवळ गेला होता.

जाळ वर आलं तवा लय गलका झाला. बुढा मुंडक्यापर्यंत ओला, मले हात दाखवून हासत होता, असा हासलेला मी त्याले लगनात बी नाही पाहला. मंग मी खाली पाहलं तं जिथं चपला ठेवल्या होत्या तिथं पानी.

पाहा जी, आमच्या तलावाचं पानी जिथं आहे तिथं आहे. चढलं तं पावसात चढते, उतरलं तं उन्हाळ्यात उतरते. सकाळी काठावर चपला ठेवा, सांजेले तिथंच भेटते, जिंदगीभर असंच केलं आमी. समुद्र दिवसातून दोनदा चढते-उतरते हे ऐकलं होतं, नाही असं नाही, पन ऐकलेलं हाताले थोडीच माहीत असते. पान्यापासून पंधरा पावलं सोडून ठेवलं होतं त्यानं. ज्या मानसाले सारा गाव पान्याचा जानकार म्हनते त्याची पिशवी पानीच घेऊन गेलं. सदरा भेटला लाटेत, चप्पल एक भेटली, पिशवी नाही भेटली. पाच-सहा जन पान्यात शिरले, पाय फिरवून फिरवून पाहलं. बाया म्हने आता उतरल्यावरच दिसन, दिसली तं. उल्हास धावत आला, अन् पहिल्यांदा त्यानं सोताहून सांगतलं किती वाजले ते. सव्वातीन.

गाडीत मी रडली का नाही मले याद नाही. मोबाईल माह्या बटव्यात होता, कंबरेले, मी रोशनले लावो, तो बंद, ड्युटीवर बंदच ठेवा लागते त्यायले. बुढा ओल्या सदऱ्यात बसला होता, पाय उघडे. मंग हळूच म्हने, सही त्याची आहे ना पासवर? मी म्हनलं हो.  एका ठिकानी ट्रक अडला होता, तिथं आमी उभे, माह्या डोळ्यासमोर सारं दिसे, जहाज चाललं, अन् रोशनचा साहेब त्याले म्हनून राहिला, जा बापा घरी तू बी.

बंदराच्या फाटकावर पोहचलो तं चार वाजून दहा मिन्टं. शिपाई म्हने कार्ड. उल्हासनं सारं सांगतलं. शिपाई तसा भला होता, म्हने जहाजावर कोनी ओळखीचं आहे का, नाव सांगा, मी फोन लावतो. मी तोंड उघडलंच होतं, तं बुढा म्हने कोनी नाही. मले बाजूले ओढलं अन् म्हने, नाव घेशीन तं पोराची नोकरी गेली समज. चूक आपली, त्याच्या डोक्यावर कायले. आपन रेल्वेनं जाऊ गावाले. अंगावर ओला सदरा, खिशात दमडी नाही, पायात चप्पल नाही, अन् म्हने रेल्वेनं जाऊ. पन खोटं कायले सांगू, माह्या बी मनात तेच आलं होतं. मी चूप राहिली.

उल्हास काही चूप नाही राहिला. तो शिपायाच्या कानाशी लागला अन् रोशनचं नाव सांगून मोकळा झाला. बुढ्यानं त्याच्याकडं असं पाहलं का जसं त्यानं आमाले विकलं.

थोड्या येळानं रोशन धावत आला. पांढरा ड्रेस, डोक्यावर ती टोपी, हाताले पीठ तसंच. संगं एक साहेब, हातात लहान टीव्हीसारखं काई तरी. साहेबानं हिंदीत रोशनले पुसलं, ये आपके माता-पिता हैं? रोशन म्हने हाँ सर. मंग साहेब बुढ्याकडं वळला, सहज, जसं पुसाचंच असते तसं, बाबा, ये आपका बेटा है ना?

अन् बुढा म्हने, नही साब. मैं नही पहचानता इसको.

मी पाहलं रोशनचं तोंड. काय सांगू जी. बुडत्याचा पाय खोलात म्हनते, तसा बुढा अजून बोलतच राहिला, हम तो ऐसेच घूमने आये थे, ये लडका कोन है मालूम नही. मंग मीच म्हनलं, साहेब, मैं माँ हूँ इसकी, ये बाप है, डर के बोलता है. साहेब हासला. त्यानं ते हातातलं पलटवून दाखवलं, त्याच्यात आमा दोघायचे फोटो, चढलो त्या दिवशी काढले होते ते, अन् खाली रोशनचं नाव. म्हने कार्ड तो सबका खोता है. पाच मिन्टात नवीन कार्ड देल्ले. जहाज पाचले सुटनार होतं, अन् कंपनीची सोताची बस आमच्या बी मांगून आली. नोकरीले काईच झालं नाही जी. साहेब रोशनले एक शब्द बी वाकडा बोलला नाही.

रोशननं आमाले खोलीपर्यंत सोडलं, चहा आनला, बापासाठी कोरडे कपडे काढून ठेवले. बुढा म्हने रोशन. पोरगा न थांबता निंगून गेला. मी मांगं धावली, म्हनलं, बाबू, तो तुह्या नोकरीसाठी बोलला रे. तं तो म्हने, आई, साऱ्या फाटकासमोर मी हाँ म्हनलं अन् माहा बाप नाही म्हनला. अन् हे दुसऱ्यांदा झालं. त्याचं खरं होतं जी, तो नागपूरले शिकाले निंगाला होता त्या दिवशी बुढा रागात चार मानसात बोलून गेला होता, ढिवराचा पोरगा जाळ सोडून लोकायचे उष्टे भांडे धुवाले जाते, तो माहा नोहेच. मी समजो पोरगा ते विसरला. आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोनाले बोलू.

आता रोशन कुठल्या तरी परदेशी पान्यावर आहे, नोकरी मस्त आहे, ऐतवारी फोन येते. मले सारं पुसते, बाबाची तब्येत बी मलेच पुसते. मी म्हनतो बोल त्याच्यासंगं, तं म्हने आई, नेटवर्क जाऊन राहिलं. बुढा बाजूले बसून आयकते, फोन ठेवला का म्हनते, काय म्हने? गावात तो रापनीची गोष्ट सांगते, पिशवी वाहली ते बी सांगते, लोकं हासते, तो बी हासते. फाटकाची गोष्ट मात्र त्यानं आजपर्यंत कोनाले सांगतली नाही. एकदा जाळ सुधरवत होता, आपल्याच मनानं म्हने, मले वाटलं मी नाही म्हनलं का तो सुटन. इतकंच.

मी रोशनले सांगून पाहलं, तं म्हने तू त्याचीच बाजू घेशीन. म्हनून तुमी आल्या अन् म्हनल्या का बाई तुमची गोष्ट सांगा, तं मी ठरवलं का हेच सांगाचं. हे लिहा का नाही म्हनताना त्यानं माहा हात मुठीत गच्च धरला होता, मी जसं ते कार्ड धरो तसा, मले मालूम. लाज नव्हती त्याले पोराची, भेव होतं. माह्या जिंदगीभराचं भेव त्या एका घडीत त्याच्या आंगात शिरलं होतं, अन् त्याले ते वागवता नाही आलं, सवय नाही ना त्याले. छापसान तं रोशनच्या मोबाईलवर पाठवा, तो वाचते.

अन् बाबू, वाचून राहिला असशीन तं आयक. येत्या ऐतवारी मी फोन घरीच ठेवून बाजारात जाईन. तुहा बाप उचलन. तो काई बोलनार नाही, त्याले येत नाही, तो नुसता कानाले लावून बसन. जेवत जाजो येळेवर, सुखी राहजो, अन् फोन लवकर ठेवजो नोको.