वाऱ्याला कुठे थांबवायचं

पवनचक्की संगणकातसुद्धा आडवी होते बरं का. हसू नका, आमची रोज व्हायची. समुद्रात तरंगणारी पवनचक्की आम्ही इथे रत्नागिरीत बसून संगणकावर चालवून बघतो. वाऱ्याचं गणित माझं, लाटांचं इम्तियाजचं. वेगवेगळी चालवली की दोन्ही शहाण्यासारखी चालायची. एकत्र जोडली की खांब आडवा!

शेवटी मी म्हटलं, "अरे, माझा वारा तुझ्या लाटेच्या शिळ्या उत्तरावर जोर लावतोय. पाया तोवर दुसरीकडेच झुकलेला असतो. ताजं उत्तर येईपर्यंत वाऱ्याला थांबव."

"मग काम कधी संपायचं?" तो चिडलाच. "तेवढ्या क्षणात असं काय बदलतं रे?"

गेल्याच आठवड्यात नाटे गावी आईला दफन करून तो आला होता. वडील मालवाहू जहाजावर, भर समुद्रात, फोनच्या रेंजबाहेर. त्यांना अजून काही कळलेलंच नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आई जायच्या आधी वडिलांनी बोलून ठेवलेला निरोप, जहाज बंदराला लागल्यावर आत्ता सुटला होता. त्यानं तो माझ्यासमोरच लावला.

"बाबू, आईच्या चहासाठी थर्मास घेतलाय. सारखी उठून गॅसजवळ जाऊ नको म्हणावं तिला."

इम्तियाजनं फोन पालथा ठेवला.

मग कीबोर्ड पुढे ओढून म्हणाला, "सांग, वाऱ्याला कुठे थांबवायचं?"