आंब्यावरच्या मॅडम

सदर भागातल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पायाला प्लास्टर घातलेली एक तरुणी आणि तिची मावशी बसल्या होत्या.

"टांझानियात पोरायले शिकवाले गेली होती ना तू? मंग आंब्यावर काहून चढली?"

"पोरायचा बॉल अडकला होता वं मावशी. चढली, पण उतरताच येईना."

"मंग?"

"मंग काय, फांदीवर बसूनच शिकवलं. पोरं खाली बसून पाढे म्हणत होते. तेवढ्यात हेडमास्तरीण आली."

"अवं माय! काय म्हणे?"

"तिनं विचारलं, नवीन मॅडम कुठी हाय? तं सारे पोरं वर बोट दाखवून राहिले."

"अन् पडली कशी?"

"पडली नाही, उडी मारली. पोरं एकदम ओरडले, न्यामा! न्यामा! मले आयकू आलं न्योका. न्योका म्हणजे त्यायच्या भाषेत साप. मी डोळे मिटले अन् दिली उडी!"

"अन् न्यामा म्हणजे?"

"मटण. शाळेत त्या दिवशी जेवाले मटण होतं."

इतक्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं, "मयुरी मेश्राम!"

"थांब ना गा थोडा," मावशी म्हणाली. "मटण कसं होतं, ते तं सांगू दे पोरीले."