ऑपरेशन झालंच नाही

जय भीम, मंडळी. मी वसंताची थोरली बहीण, अकोल्याहून आले. धाकट्या भावाच्या शोकसभेत असं उभं राहून बोलणं जमत नाही, बोलणारही नव्हते. पण दाराशी चपला काढताना ऐकलं, "डोळ्याच्या ऑपरेशननं वसंतभाऊ गेले." म्हणून उभी राहिले.

ऑपरेशन झालंच नाही.

वसंताचं काळीज वेडंवाकडं धडधडायचं. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्याला रोज गोळी होती. मोतीबिंदू पिकला. डोळ्याच्या डॉक्टरांनी लेन्स बसवायचं ठरवलं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच त्यांनी बजावलं, गोळी चालू ठेवा. छेद बारीक असतो, भूल थेंबांची असते, रक्त फारसं जात नाही. त्याची बायको शांता तिथेच बसली होती.

पण वसंता जन्मभर एसटीचा मेकॅनिक. मला फोनवर म्हणतो, "ताई, इंजिन खोलाच्या आंधी ऑइल काढाच लागते. मंग रक्ताच्या गोळीचंच काहून वेगळं? ते बी आंधी बंद कराच लागंन."

मी म्हटलं, "तू इंजिन नाहीस. गोळी घे."

"घेतो नं माय! रिटायर झाली तरी तू मास्तरीनच हायेस."

हसला. आणि घेतली नाही. शांतासमोर नुसतं पाणी प्यायचा, गोळी खिशात टाकायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी अर्धांगाचा झटका आला. गुठळी मेंदूत गेली होती. आधी बोलणं गेलं, मग तो गेला.

कोणावर रागावू? थकले मी. वर्गात वर्षानुवर्षं एकच सांगितलं, कळत नसेल तर विचारा. घरातल्यानंच विचारलं नाही.

आता शांताचं. तिलाही मोतीबिंदू आहे. हृदयात झडप बसवल्यापासून तिलाही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन. काल म्हणाली, "मले नाई कराचं, बाई. मी अशीच बरी."

अशीच म्हणजे कशी? नातीचा चेहरा तुला हात लावून ओळखावा लागतो, शांता! गोळी चालू ठेवायची की नाही, ते तुझे डॉक्टर सांगतील. शेजारी नाही, मेकॅनिक नाही, मीसुद्धा नाही. आणि मंडळी, तिला घाबरवायला कोणी घरी येऊ नका. चहाला या.

वसंताच्या शर्टाच्या खिशात सापडलेल्या गोळ्या सकाळी त्याच्या सुनेकडे दिल्या. ऑपरेशननंतर लावायला त्यानं हौसेनं काळा चष्मा आणून ठेवला होता. तो हा. घे, शांता.

हात पुढे कर.

घेतला तिनं. आता वसंतासाठी दोन मिनिटं सगळे उभे राहू या. बोलू नका.