दम्याचा फवारा आणि गुलाबपाणी

चहा पाजा, पण गुलाबपाण्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. अजून डोकं फिरतं.

आमचे वडील, बापू, सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला. कापसाची धूळ खाऊन त्यांना दमा जडला. मी हैदराबादहून काचेचा फवारा आणला. त्याचा रबरी फुगा दाबला की औषध धुक्यासारखं तोंडात जायचं. काच फुटू नये म्हणून खिशात मावेल अशी पत्र्याची डबी करून घेतली, आत कापूस भरला. काका म्हणायचे, "असल्या फुसफुशीनं कुठं दमा जातो का? उगी खेळणं हाय."

बहिणीच्या लग्नात वऱ्हाड दारात आलं आणि गुलाबदाणीची भोकं बुजलेली. काकांनी माझी डबी उघडली, फवाऱ्यातलं औषध मोरीत ओतलं, गुलाबपाणी भरलं आणि लागले वऱ्हाडावर फवारायला, आधी व्याह्यांच्या टोपीवर.

तेवढ्यात चुलीच्या धुरानं बापूंना धाप लागली. त्यांनी काकांच्या हातातला फवारा ओढून तोंडाला लावला, तर जास्तच ठसका लागला. व्याही हसून म्हणतात, "आमचे व्याही लय हौशी हायेत. तोंडातबी गुलाबपाणी मारायलेत."

मी पळत जाऊन औषधाची दुसरी बाटली आणली, फवारा धुऊन भरला. हळूहळू बापूंची धाप कमी झाली. मग काकांकडं वळलो, तर ते फवारा निरखत म्हणतात, "लय बारीक उडतं रे याच्यातनं. चीज चांगली हाय."

बारीक उडतं म्हणूनच छातीत उतरतं, हे मी घरात रोज सांगत होतो. ते पटायला व्याह्यांची टोपी भिजावी लागली.