लोट्यातलं मीठ

सरिता : आई, लोट्याच्या तळाशी बोटभर मीठ साचलंय. हलवून पाहिलं, विरघळत नाही.

काशी : हात नको लावू गो. देवळातला शपथेचा लोटा हाय तो. मीठ टाकून शब्द मोडला, तर मानूस मिठावानी विरघळतो.

सरिता : पाण्याला घेता येतं तेवढं घेऊन झालंय. वाडीतल्या प्रत्येक घराने मूठ टाकलेली दिसते.

काशी : आपलंच घर राह्यलंय. म्हून तर वाल्मिक लोटा घेऊन आलाय, बसलाय अंगनात.

वाल्मिक : घाई नाय, काशीकाकू. फकस्त मुरबाडला तहसीलात तीनला अर्जाचं टेबल उठतं. सूनबाईंना गाडीवर नेतो, निवडनुकीचा अर्ज मागं घेतला का आनून सोडतो. पंचायत बिनविरोध झाली का सगळे मोकळे.

काशी : बस रे. पानी देऊ?

वाल्मिक : नको. शपथ होईस्तोवर तुमच्या घरचं पानी नको, असं बोललेत सरपंचभाऊ.

काशी : ऐकलंस, सरिता? बुधूचं असंच चालू झालं. पयलं पानी. मग लावनीला कोनी येईना.

सरिता : त्याने मागच्या खेपेला अर्ज भरला म्हणून?

काशी : भरला, आनी मीठ नाय टाकलं. त्याची आई गेली, सकुबाई, तवा खांद्याला मानसं नाय. बैलगाडीत घालून नेली. चाकांचा आवाज वाडीभर, पन एक दार उघडलं नाय.

सरिता : तुम्ही मूठ टाकलीत तर मी गाडीवर बसेन. वाल्मिकभाऊंसमोर तसं कबूल केलंय. पण अर्ज ठेवू की काढू, ते तुम्ही सांगा.

काशी : आदेश काय बोलतो?

सरिता : म्हणाले, मी कल्याणला राहून काय सांगू. वाडीत आईला राहायचंय, आईने ठरवायचं.

काशी : शाना हाय. बापावर गेला नाय.

सरिता : आई...

काशी : मत दिलं तर ओढ्यावर साकव होईल?

सरिता : माहीत नाही.

काशी : एवढी सायन्स शिकलीस, आनी माहीत नाय.

सरिता : होईलच असं कसं सांगू? बिनविरोध करून इतक्या वर्षांत झाला नाही, एवढंच दिसतं.

काशी : दर खेपेला देवळात बोलतात, यंदा साकव. दवाखान्यात न्यायला आदेशच्या बाबांना डोलीत घातलं. आमी ओढ्याच्या कडंला पानी उतरायची वाट बघत बसलो. उतरलं, तवर डोली माघारी फिरवायची वेळ आल्ती.

सरिता : कुणाला जाब विचारला नाहीत?

काशी : कोनाला विचारू? मी कोनाला निवडलं होतं? दिल्लीची शाई लावली, मुंबईची लावली. पंचायतीची शाई या बोटाला ठाव नाय.

वाल्मिक : काकू, दोन वाजले. आनी तुमचं भात अजून उडवीतच रचलेलं हाय ना? झोडून घ्या लवकर. पेंढा पार वाळलाय, ठिनगी पडाया येळ नाय.

सरिता : आई, ते काय म्हणाले...

काशी : कळलं मला.

सरिता : मी जाते त्यांच्याबरोबर. वर्षाचं भात आहे ते.

काशी : बस खाली. लोटा आन इकडं.

सरिता : घ्या. मिठाची बरणी देऊ?

काशी : बरनी राहू दे. हे मागल्या दारी ओतून ये. तुळशीत नको, जळंल ती.

(सरिता मागच्या दाराने जाऊन येते.)

वाल्मिक : काय ठरलं, काकू?

काशी : लोटा रिकामा घेऊन जा, वाल्मिक. मी मत देनार हाय.